मुक्या जिवांच्या दारातील कला

आदिलाबाद शहराच्या दक्षिणेस मावला हे गाव आहे. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ याच परिसरातून जातो. गावचा तलाव आणि महामार्गालगतचे हरितवन पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी शहरातील कुटुंबे येथे येतात. परंतु पावसाळ्यातील रात्री या वाटेने जाणाऱ्याच्या नजरेस दुसरेच दृश्य पडते. चिखलातून उठून कोरड्या डांबरावर येऊन बसलेली गुरे मालमोटारींच्या दिव्यांत एकाएकी समोर दिसतात. त्यांत कोणी म्हातारा झालेला बैल असतो, कोणी दूध आटलेली गाय असते. ज्यांनी त्यांच्याकडून काम घेतले ते आता त्यांचे धनी म्हणवून घेत नाहीत.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवाऱ्यात ठेवण्याचा, तसेच शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणचे भटके कुत्रे आश्रयस्थानी नेण्याचा आदेश दिला. तेव्हापासून गावोगावी अशा निवाऱ्यांची चर्चा ऐकू येऊ लागली. त्याच सुमारास या भागात सेवा करणाऱ्या एका धर्मशिक्षकाने मला विचारले, "फादर, गावातील काही मंडळी मिळून गुरांसाठी एक निवारा बांधावा म्हणत आहेत. रस्त्याकडची भिंत मोठी आहे. एक दाते तिच्यावर चित्र काढून देण्यास तयार आहेत, पण त्यांना वडिलांची प्रतिमा हवी आहे. मला वाटते, पाखरांशी बोलणारा संत फ्रान्सिस असावा. आणखी एक जण म्हणतात, चित्र कशाला? त्या पैशांत कडबा येईल. आपण काय सांगाल?"

हा प्रश्न एका भिंतीपुरता नाही. आपल्यापैकी अनेकांना आज ना उद्या अशा समितीत बसावे लागेल आणि तेथे आपले मत विचारले जाईल. म्हणून पूर्वी झालेल्या काही कामांचे परीक्षण करून, पवित्र शास्त्राच्या प्रकाशात या प्रश्नाचा विचार करावा असे मनात आले.

प्रथम तिसऱ्या गृहस्थांचा आक्षेप घेऊ, कारण तो सर्वांत प्रामाणिक आहे. असाच आक्षेप बेथानी येथे घेतला गेला होता. तीनशे दिनारांचे सुगंधी तेल विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले (योहान १२:५). प्रभूने मरियेची बाजू घेतली. मात्र या प्रसंगाचा आधार घेऊन आपण मंदिराच्या कळसापासून संगमरवरी फरशीपर्यंत वाटेल तो खर्च समर्थनीय ठरवत आलो आहोत, हेही कबूल केले पाहिजे. वचन नीट वाचले तर असे दिसते की मरियेने ते तेल प्रभूच्या चरणांवर ओतले. स्वतःची पाटी लावण्यासाठी तिने ते खर्चिले नाही. ज्याच्यासाठी खर्च होता त्याच्याच देहाला तो पोचला. मला वाटते, अशा कामांच्या परीक्षणाची कसोटी येथेच मिळते. पशूच्या दारात जी कला उभी करायची, तिच्यातील काही अंश त्या पशूला पोचला पाहिजे. तो पोचत असेल तर तिच्यावरील खर्च म्हणजे मरियेचे तेल होय. पोचत नसेल तर आक्षेप घेणाऱ्याचा हेतू कसाही असो, त्याचे म्हणणे खरे ठरते.

आता ही कसोटी लावून पाहू. आपल्या भागातील पशूंच्या आश्रयस्थानांचा विचार करताना मुंबईच्या पांजरपोळाचे स्मरण अपरिहार्य आहे. १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत दंगल उसळली. पारशी लोक तिच्यात अग्रभागी होते. त्यातूनच पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाला. मारण्याऐवजी पोसण्याचा मार्ग तेथे निघाला. म्हणजे हे आश्रयस्थान एका सार्वजनिक भांडणातून जन्मास आले, आणि ते मिटवताना पारशी व जैन गृहस्थ एकत्र बसले. मावल्याच्या भिंतीविषयी बोलताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. पशूंचा निवारा ही गावाची वास्तू असते. तिच्या दर्शनी भिंतीने गावातील सर्वांशी बोलले पाहिजे.

त्याच शहरात जनावरांसाठी बांधलेल्या पाणपोया, म्हणजे 'प्याऊ', आहेत. पशूंसाठी कलावंताकडून मुद्दाम करवून घेतलेल्या कामाची आपल्याकडील इतकी उत्तम उदाहरणे मला दुसरी माहीत नाहीत. मांडवी भागातील केशवजी नायक यांचे कारंजे १८७६ चे आहे. फोर्ट भागातील रतनशी मुळजी जेठा यांचे कारंजे १८९४ चे. अल्पवयात वारलेला आपला मुलगा धरमसी याच्या स्मरणार्थ रतनशींनी ते उभारले. त्यासाठी त्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधणारे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांना पाचारण केले. रेल्वेच्या राजवाड्यासारख्या स्थानकाचा शिल्पी बैलांना पाणी पाजण्याच्या जागेसाठी आराखडा काढतो, ही गोष्टच विचार करण्यासारखी आहे.

या कारंज्याचे कलादृष्ट्या परीक्षण केले तर त्यात दोष काढता येतील. कोरीवकाम दाट आहे, आणि वरच्या भागाकडे दृष्टी इतकी ओढली जाते की खालच्या कुंडाकडे पाहणाऱ्याचे लक्ष जात नाही. दात्याच्या घराण्याचे नावही त्यावर आहेच. तरीही मी त्याला उत्तम काम म्हणेन. पित्याचे दुःख येथे दगडात थिजून राहिले नाही, ते पाणी होऊन खाली उतरले, आणि गोदीकडून माल ओढत आलेल्या बैलाने ते प्याले. त्या बैलाला धरमसी कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याच्यामुळे त्या स्मारकाला अर्थ आला. पुत्राच्या नावाची पाटी आणि पशूची तहान या दोहोंचा येथे मेळ बसला आहे. म्हणून वडिलांची प्रतिमा मागणाऱ्या दात्याला आपण तुच्छतेने परत पाठवू नये. त्याला रतनशींची गोष्ट सांगावी आणि विचारावे, "आपल्या वडिलांच्या नावाने या गुरांना काय मिळेल?"

पण या कारंज्याची पुढची हकीगतही लक्षात घेतली पाहिजे. मोटारी आल्या, बैलगाड्या व घोडागाड्या फोर्टातून गेल्या, आणि शहरातील अशा कित्येक पाणपोया कोरड्या पडून उपेक्षित राहिल्या. अलीकडच्या काळात त्यांपैकी काहींचा जीर्णोद्धार झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि दगड जपणे सोपे असते, पाणी जपणे कठीण असते. एखादे काम कलावंताकडे सोपवताना उद्घाटनाच्या दिवसाचा विचार सगळेच करतात. वीस वर्षांनंतर त्या कुंडात पाणी कोण ओतील, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे. पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारांवर 'लागा' बसवून पांजरपोळांच्या नित्य खर्चाची तरतूद करण्याची प्रथा पाडली होती. त्यांचा हा व्यवहारीपणा आपल्या समित्यांनी शिकण्यासारखा आहे.

याच्या जोडीला परदेशातील एक उदाहरण घेऊ. लंडनच्या बॅटरसी भागात १८७१ पासून बेवारस कुत्र्यांचे प्रसिद्ध आश्रयस्थान आहे. त्याच भागात १९०६ साली एका तपकिरी कुत्र्याचा कांस्यपुतळा उभारण्यात आला. १९०३ साली लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्रयोगशाळेत जिवंतपणी शस्त्रप्रयोग होऊन मेलेल्या कुत्र्याचे ते स्मारक होते. त्याच्या खाली माणसांसाठी पाण्याची सोय होती आणि आणखी खाली कुत्र्यांसाठी व घोड्यांसाठी कुंड होते. वरचा लेख मात्र उघड आरोप करणारा होता. वैद्यकीय विद्यार्थी चिडले, १९०७ साली दंगे झाले, पुतळ्याला पोलिसांचा पहारा द्यावा लागला, आणि अखेर १९१० साली तेथील नगरपरिषदेने तो काढून नेला. पुढे १९८५ साली निकोला हिक्स या शिल्पकर्त्रीने बॅटरसी उद्यानासाठी नवा पुतळा घडवला. त्यासाठी तिने आपल्याच पाळीव कुत्र्याचा नमुना घेतला.

या दोन पुतळ्यांतील फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्याने पाणीही दिले आणि प्रश्नही विचारला. तो लोकांना सहन झाला नाही, यातच त्याचे सामर्थ्य दिसते. त्याच्या लेखातील आरोप कितपत न्याय्य होता याविषयी मतभेद होऊ शकतात. मलाही वाटते की दगडावर कोरलेल्या आरोपाला उत्तर देण्याची संधी दुसऱ्या पक्षाला मिळत नाही, म्हणून असे लेख जपून लिहावेत. दुसरा पुतळा हृदयस्पर्शी आहे, पण त्याच्यापुढे उभा राहणारा मनुष्य गहिवरतो आणि पुढे जातो. पशूविषयी आपल्याला काय वाटते हे सांगणारी कला आणि पशूचे आपल्याकडे काय येणे आहे हे सांगणारी कला, असे हे दोन प्रकार आहेत. पहिली सोपी आहे आणि लोकप्रियही. दुसरी क्वचितच निर्माण होते.

पवित्र शास्त्रात दोन्ही प्रकारांचे इशारे सापडतात. शलमोनाच्या मंदिरातील पितळी गंगाळसागर बारा पितळी बैलांच्या पाठीवर उभा होता (१ राजे ७:२५). त्यातील पाणी याजकांच्या स्नानासाठी होते. मोशेने रानात पितळेचा सर्प केला तो देवाच्या आज्ञेने, आणि मरणाऱ्यांना जीवन मिळावे म्हणून (गणना २१). परंतु पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). प्रतिमेची सुरुवात शुद्ध असली म्हणजे तिचा शेवटही शुद्ध राहतो असे नाही. जिवंत प्राण्याचा वाटा प्रतिमेकडे वळू लागला की तिची वेळ संपली असे समजावे.

हे बोलताना दुसऱ्यांच्या देवळांकडे बोट दाखवण्याचा मोह आवरावा. आपल्याच गव्हाणीचे उदाहरण पुरेसे आहे. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने नाताळची गव्हाण मांडली, तेव्हा तिच्यात खरा बैल व खरे गाढव आणून बांधले होते. लूकच्या शुभवर्तमानात हे दोन प्राणी नाहीत. धन्याला ओळखणाऱ्या पशूंविषयी यशयाने जे सांगितले (यशया १:३), त्यातून ते गव्हाणीत आले. म्हणजे मनुष्याच्या कृतघ्नतेची आठवण करून देणारे ते साक्षीदार आहेत. आज आपण प्लास्टरचा बैल आणतो, त्याच्यावर दिव्यांची माळ सोडतो, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला येणाऱ्यांच्या वाटेत खरा बैल आला तर त्याला काठीने हाकलतो. असे करताना मी स्वतःलाही पाहिले आहे. म्हणून मावल्याच्या भिंतीवर फ्रान्सिसचे चित्र काढण्याच्या सूचनेला मी आनंदाने होकार देऊ शकलो नाही. फ्रान्सिस थोर आहे. पण अनेक धर्मांच्या लोकांनी मिळून बांधलेल्या निवाऱ्यावर आपण आपला संत रंगवला, तर दुसऱ्या दिवशी दुसरे कोणी आपले दैवत रंगवतील, आणि गाय बिचारी पुन्हा एकदा कोणाचा तरी ध्वज होईल. आपल्या देशात गाईच्या नावाने माणसांची मने किती दुभंगली आहेत हे मला येथे सांगण्याची आवश्यकता नाही. नोहाशी केलेल्या करारात देवाने त्याच्याबरोबरच्या प्रत्येक सजीव प्राण्याचा समावेश केला (उत्पत्ती ९:९-१०). त्या कराराचे चिन्ह कोणा एका कुळाच्या मालकीचे नव्हते. ते सर्वांच्या डोक्यावरील आकाशात होते.

मग चित्र असावे की नसावे? मला वाटते, असावे. आणि त्यासाठी आदर्श शोधायला फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या भागात पोळा साजरा होतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद व तूप लावून शेकतात. दुसऱ्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून शिंगे रंगवतात, बाशिंग बांधतात, अंगावर झूल व गळ्यात घुंगरमाळा घालतात. त्या दिवशी जू नसते, चाबूक नसतो, आणि पुरणपोळीचा घास प्रथम बैलाला मिळतो. येथे सजावट आणि विसावा यांची फारकत झालेली नाही. ज्याला सजवले त्यालाच खाऊ घातले. बेथानीच्या घरात जे घडले त्याची आठवण मला पोळ्याच्या दिवशी नेहमी येते. अर्थात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते, आणि बैल म्हातारा झाल्यावर काय होते, हा प्रश्न उरतोच. आश्रयस्थान हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून त्याची कला ही पोळ्याच्या पुढची पायरी असावी.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण समितीच्या बैठकीत तत्त्वापेक्षा त्यांचीच गरज अधिक पडते.

पहिली गोष्ट रंगाची. गुरे भिंती चाटतात. शिसे असलेला जुना तैलरंग चाटल्याने गुरांना विषबाधा होते, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा, आणि जनावराची जीभ पोचेल तेथवर नुसता चुना असावा.

दुसरी गोष्ट पशूच्या दृष्टीची. गाय व कुत्रा यांना आपल्यासारखे सर्व रंग दिसत नाहीत. तांबडा व हिरवा यांतील भेद त्यांना नीट कळत नाही. शिवाय गुरांच्या वर्तनाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या अमेरिकन पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन यांनी दाखवून दिले आहे की तीव्र छायाप्रकाश, चकाकणारे पृष्ठभाग आणि हलणाऱ्या वस्तू पाहून गुरे बुजतात व पुढे पाऊल टाकत नाहीत. तेव्हा आतील भिंत एकरंगी व शांत असावी. चित्र बाहेरच्या बाजूला असावे, कारण ते पाहण्याची गरज माणसाला आहे.

तिसरी गोष्ट कारागिराची. निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलास नावाने बोलावले (निर्गम ३१:२). कारागीर हा हुकमाचा ताबेदार नसून बोलावणे आलेला मनुष्य आहे, असे त्यात अभिप्रेत आहे. आपल्या परिसरात ओझा समाजाचे कारागीर मेण आणि माती यांच्या साह्याने पितळी ओतकाम करतात. आदिलाबादच्या डोक्रा कलेला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दक्षिणेस निर्मलचे कारागीर हलक्या लाकडात पशुपक्षी घडवून रंगवत आले आहेत. ही माणसे जनावरांमध्ये वाढलेली आहेत. शहरातून छापील पडदा मागवण्यापूर्वी यांना विचारावे, आराखडा आधी पाहावा, मजुरी लेखी ठरवावी आणि वेळेवर द्यावी. मजुराची मजुरी थकवून काढलेले दयेचे चित्र म्हणजे केवळ ढोंग होय.

चौथी गोष्ट मर्यादेची. निवासमंडपासाठी लोक गरजेपेक्षा अधिक आणू लागले, तेव्हा कारागिरांनीच मोशेला तसे कळवले आणि मोशेने देणग्या थांबवल्या (निर्गम ३६:५-७). पुरेसे झाले असे म्हणणारा दाता किंवा समिती आज विरळाच. चाऱ्याची वर्षाची तरतूद झाल्याशिवाय कुंचला हाती घेऊ नये, एवढा नियम केला तरी पुष्कळ होईल.

आणि चित्रात काय असावे? मी त्या धर्मशिक्षकाला एवढेच सुचवले की रस्त्याच्या कडेला माणसांसाठी एक तोटी आणि तिच्या खाली जनावरांसाठी पाण्याचे कुंड बांधावे, ते दात्याच्या वडिलांच्या नावे असावे, आणि वरच्या भिंतीवर त्या निवाऱ्यात प्रत्यक्ष राहणाऱ्या पशूंची चित्रे असावीत. मोडक्या शिंगाचा बैल मोडक्या शिंगासहच काढावा. त्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा असेल तर तोही दाखवावा. त्याला देव करू नये आणि खेळणेही करू नये. त्या घट्ट्याने कोणाचे तरी शेत पिकले आहे, आणि ते पीक आपण सर्वांनी खाल्ले आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये ही आज्ञा (अनुवाद २५:४) त्या चित्राखाली लिहिण्याचीही गरज नाही. रस्त्याने जाणारा शेतकरी ती वाचीलच.

धर्मशिक्षक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, मग लोक विचारतील, यात ख्रिस्ती काय आहे?" मी त्याला प्रभूच्याच एका प्रश्नाची आठवण करून दिली. शब्बाथ दिवशी आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर कोण नेत नाही, असे त्याने सभास्थानात विचारले होते (लूक १३:१५). अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला मोकळे करताना त्याला तहानलेल्या बैलाचे उदाहरण आठवले. ज्या प्रभूने पाण्यावर नेला जाणारा बैल पाहिला होता, त्याचे नाव त्या कुंडावर लिहिले काय किंवा न लिहिले काय, ते पाणी भरण्याचे काम करणाऱ्याने ते कोणासाठी भरतो हे मनात ठेवावे. कुंड रोज सकाळी भरले जाते की नाही, हे मात्र आपण धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी अधूनमधून जाऊन पाहत राहावे.